सातव्या दिवसाची मुदत

सभागृहात चाळीसेक माणसं चटयांवर बसली होती, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. गाव ज्याला मानायचं तो अपेनिसामामा उपास आणि प्रार्थना करवून एकेकाच्या कानाशी वाकून एक गुप्त शब्द सांगे. तो शब्द ऑनलाइन कॅसिनोच्या खात्यात टाइप केला, की पन्नास डॉलरचे दीडशे दिसत. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. फिजीतल्या आमच्या सावुसावू गावात जुगाराला नाकं मुरडतात. पण हा म्हणे पूर्वजांचा आशीर्वाद!

"सात दिवस खेळत राहा," मामा म्हणाला. "पूर्वजांची भूक भागली नाही, तर सातव्या दिवशी याच घटकेला ते सगळं परत नेतील. आणि घरातलं एखादं माणूसही."

या वाक्याने माझ्या शेजारणीची, लितियानाची, झोप उडाली. तिचा नवरा सेमी हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेला. तिसऱ्या दिवशी तिच्या खात्यात नऊशे दिसले, पण काढायला गेली तर निघेनात. मामा म्हणाला, पूर्वज अजून भुकेले आहेत. तिने सेमीच्या गोळ्यांचे पैसेही भरले.

सहाव्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी शाळेत गणित शिकवतो.

"मास्तर, आकडा गेला की सेमी जाईल," ती म्हणाली.

मी तिच्याकडून तो शब्द घेतला. ना उपास, ना प्रार्थना. नवं खातं उघडलं, पन्नास डॉलर भरले. बटण दाबताना माझंही बोट क्षणभर अडखळलं, खोटं कशाला सांगू? लगेच दीडशे दिसले. मग अटी उघडल्या. वरच्या शंभराचा बोनस काढायचा तर त्याच्या चाळीसपट, म्हणजे चार हजारांचा खेळ सात दिवसांत पुरा करायचा. नाही केला तर बोनस आणि त्यावर जिंकलेले पैसे, दोन्ही रद्द. खेळताना आधी स्वतःचेच पैसे जातात.

मी हे लितियानाला समजावलं. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी चारला ती सेमीच्या छातीवर हात ठेवून बसली. मी शेजारी. मोबाईलवर शून्य आलं. तिने डोळे घट्ट मिटले. सेमी खोकला आणि म्हणाला, "खिडकी उघड गं, उकडतंय." ती हुंदके देत उठली.

तिच्या वतीने मी कॅसिनोकडे तक्रार केली. पैसे मिळाले नाहीत, उत्तर मिळालं: मुदत संपली, अट पुरी झाली नाही, बोनसचा शब्द आमचे कमिशनवरचे एजंट अपेनिसा यांनी दिलेला आहे, त्यांना विचारा.

ते मी सभागृहात सगळ्यांसमोर वाचलं. मामा म्हणाला, परक्यांच्या कागदावर विश्वास ठेवू नका. लितियाना उभी राहिली.

"मामा, मी हरले त्यातले तुला किती मिळाले?"

मामा मोबाईल खिशात टाकून दाराकडे निघाला. तेवढ्यानेच चाळीस माणसांना कळलं.

मंडळी, पूर्वजांना मुदत लागत नाही. ती धंद्याला लागते. कुणी फुकट काही देऊन वर तुमच्या माणसाच्या जिवाची भीती घालत असेल, तर हात जोडू नका. आधी अटी वाचा. वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्याकडे जा.