स्वयंपाकघरातली मोरिनी

पहिल्यांदा नदी घरात शिरली तेव्हा मी आणि नेवियो वरच्या मजल्यावर होतो. खाली गॅरेजमध्ये त्याच्या चार मोटारसायकली होत्या. रस्त्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, त्यातून कुणाच्या बागेतल्या खुर्च्या, कुणाचा फ्रीज, कोंबड्यांचं खुराडं असं काय काय चाललं होतं. मी खिडकीतून ते बघत होते. नेवियो फरशीकडे बघत होता. खालून धडकन आवाज आला.

"लावेर्दा पडली," तो म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा आवाज. "डुकाटी."

मग तिसरा, जरा हलका. या वेळी तो काही बोलला नाही, पण मला कळलं. ती मोरिनी होती. लग्न झाल्यावर मी जिच्यावर मागे बसून फ्लॉरेन्स ओलांडून समुद्रापर्यंत गेले होते ती. चांगले बूट भिजतील म्हणून मी ते जॅकेटच्या आत पोटाशी धरले होते आणि वाटेत प्रत्येक चहाकॉफीच्या टपरीवर लोक मला विचारत होते, कितवा महिना.

"फाल्कोने अजून उभी आहे," नेवियो म्हणाला. ती गुझ्झीची जुनी लाल गाडी त्याच्या बाबांची. "ती नाही पडायची."

"नेवियो, शेजारी इओलांदा एकटी आहे. तिला फोन लाव."

त्यानं फोन लावला, नीट बोलला, धीर दिला. पण कान जमिनीकडेच.

माझा नवरा लेथवर काम करायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं घरच्या गॅरेजमध्येच दुसरी नोकरी धरली म्हणायची. इटलीतल्या आमच्या रोमान्या भागात हे काही जगावेगळं नाही. इथे पोराचं नाव ठेवायच्या आधी बाप त्याला पेट्रोलच्या टाकीवर बसवून बघतो. नेवियोचा जिवलग मित्र वेत्सियो. बस चालवायचा, लग्न केलं नाही, दर रविवारी आमच्याकडे जेवायला. त्यानं उतारवयात नवीकोरी लाल डुकाटी घेतली आणि त्या दिवसापासून आमच्या टेबलावर एकच भांडण.

"ही मोटारसायकल आहे की टीव्ही?" नेवियो म्हणायचा. "पुढच्या त्या पडद्यावर बातम्या पण लागतात का रे?"

"लागतात ना. किका मारून मारून गुडघा गेलेल्या एका म्हाताऱ्याची बातमी रोज असते. मी बटण दाबतो आणि निघतो."

"बटण दाबून सुरू होतं ते मिक्सर."

"देआन्ना, तूच सांग, तुला कुठल्या गाडीवर मागे बसायला आवडेल?"

"मला पुढे बसायला आवडेल," मी म्हणायचे, "पण विचारतंय कोण? सूप गार होतंय, गिळा आता."

पाणी ओसरलं तेव्हा गॅरेजमध्ये कमरेएवढा चिखल होता. ओळखीचे, अनोळखी, सगळे फावडी घेऊन आले. वेत्सियो डोंगराकडच्या बाजूला राहतो, त्याचं घर कोरडं. तो पहिल्याच दिवशी हजर झाला. दोघांनी मिळून चारही गाड्या ओढून अंगणात काढल्या. नेवियोच्या जुन्या डुकाटीची टाकी कुठली आणि इंजिन कुठलं तेसुद्धा कळत नव्हतं. नेवियोनं हातानं चिखल पुसला, नावाची अक्षरं दिसली आणि तो तिथेच ओल्यात बसला.

"ऊठ," वेत्सियो म्हणाला. "चिखल सुकला की सिमेंट होतं. आज रॉकेलनं धुतल्या तर काही वाचेल. रडायचं ते उद्या रड."

त्या दिवशी रस्त्यावर ढीग लागला होता. गाद्या, कपाटं, माझं शिवणयंत्र, आईची पास्ता लाटायची मोठी फळी. ती फळी खालच्या कोठीत होती, फुगून मधोमध चिरली होती. मीच ती ढिगावर नेऊन ठेवली. पालिकेची गाडी आली, लोखंडी पंजानं सगळं उचललं. मी मागे वळून बघितलं तर नेवियो स्पोकमधला चिखल दात घासायच्या ब्रशनं काढत होता.

"आईची फळी गेली," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. "तो बारीक ब्रश दे ना तेवढा."

कात्या, आमची मुलगी, बोलोन्यात राहते. तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होणार होता. दोन खोल्या, गॅलरी, लिफ्ट. मला फार हवा होता. पूर आल्यापासून ढग दिसले की मला झोप लागायची नाही. रात्री उठून मी रस्त्याकडे बघायचे.

"जाऊ ना," नेवियो म्हणायचा. "पण गाड्या कुठे ठेवायच्या?"

"गॅलरीत ठेव. कुंड्यांच्या जागी."

"चेष्टा करू नकोस."

"मी चेष्टा नाही करत. नेवियो, नदी पुन्हा येईल."

"येईल तेव्हा बघू. चारही सुरू होऊ देत देआन्ना, एवढंच मागतो. मग तू म्हणशील तिथे. तू म्हणशील तर चंद्रावर."

तो अख्खा हिवाळा खाली गेला. त्याचाही आणि वेत्सियोचाही. पिस्टन तेलात बुडवून ठेवलेले, कार्बोरेटरचे तुकडे माझ्या बिस्किटांच्या डब्यांत. मी वरून सूप घेऊन जायचे आणि दोघं शाळकरी पोरांसारखे उभ्यानंच प्यायचे. खरं सांगायचं तर तेव्हा तो मला तरुण दिसायचा. रागही यायचा आणि बघतही राहावंसं वाटायचं.

फाल्कोने आधी सुरू झाली. धुप्प, धुप्प, धुप्प, मधे एवढी जागा सोडून की वाटावं आता बंद पडणार, आणि परत धुप्प. गल्लीतले लोक खिडक्यांत आले. इओलांदानं टाळ्या वाजवल्या. वसंतात मोरिनी सुरू झाली आणि दरडी कोसळून बंद पडलेला कोल्लाचा घाट उघडला, म्हणून आम्ही दोघं वर गेलो. किती वर्षांनी मी मागे बसले होते! गुडघे कुरकुरले, पण वळणावर अंग आपोआप कललं. ते विसरत नाही. वर टपरीपाशी कुठून कुठून आलेल्या नव्या गाड्यांची रांग, लाखालाखाचं सामान अंगावर घातलेली मंडळी. मिलानकडची एक मुलगी स्वतःची चकचकीत एमव्ही सोडून आमच्या मोरिनीपाशी उकिडवी बसली.

"ही पुरात होती?" तिनं विचारलं.

"होती," नेवियो म्हणाला. "आम्ही तिघंही होतो."

तिनं माझ्याशी हात मिळवला, जणू मी शर्यत जिंकून आले होते. त्या दिवशी आम्ही पियादिनाच्या पोळ्या आणि लाल वाईन घेतली, उन्हात बसलो. नेवियोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. बोलोन्याचा विषय मी काढला नाही. एवढा चांगला दिवस कशाला नासवायचा, असं वाटलं.

उन्हाळ्यात लावेर्दाही बोलू लागली. डुकाटी राहिली होती, अजून डब्यांतच. जुलैत कात्याचा फोन आला, मी कपडे वाळत घालत होते. फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला होता. "आई, ते लोक किती थांबणार?" ती म्हणाली. मी नेवियोला सांगितलं.

"दुसरा मिळेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, तेवढं मी बघितलं.

सप्टेंबरात पाऊस लागला तो थांबेना. दुपारी सगळ्यांच्या फोनवर एकदमच पुराचा कर्कश इशारा वाजला. वेत्सियो व्हॅन घेऊन आला. या वेळी कुणी रडत बसलं नाही. फळ्या लावून फाल्कोने चढवली, लावेर्दा चढवली, डुकाटीचे डबे चढवले. मोरिनीला जागा उरली नाही.

"या टाकतो माझ्या शेडमध्ये आणि लगेच परत येतो," वेत्सियो म्हणाला. "ही शेवटच्या खेपेला. तुम्हा दोघांनाही घेऊन जातो."

तो गेला आणि मागोमाग पोलिसांनी पूल बंद केला. त्याचा फोन आला तेव्हा नेवियोनं स्पीकर लावला होता.

"पोलिस सोडत नाहीयेत. ऐक, ती गाडी सोड आणि वर जा. ऐकतोयस ना? लोखंड आहे ते."

"तुझं असेल लोखंड," नेवियोनं म्हटलं आणि फोन बंद केला.

आमचा जिना बाहेरून आहे, सरळ, दगडी. नेवियोनं पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, जड इंजिनं उचलायची साखळीची कप्पी आणली आणि वर दाराच्या आत भिंतीतल्या कडीला अडकवली. मला वाटलं होतं मी नको म्हणेन. पण गल्लीच्या टोकाशी पाणी चमकताना दिसलं आणि मी गाऊन खोचून मोरिनीच्या मागे उभी राहिले. मलाही ती हवी होती. तो वरून साखळी ओढायचा, मी खालून रेटायचे.

"ढकल!"

"ढकलतेय रे! मी काय शोभेला उभी आहे?"

"शोभेला असतीस तर वर उभं केलं असतं!"

मला हसू आलं आणि हातातलं बळ गेलं, गाडी वीतभर मागे आली. तो वरून ओरडला, मी खालून शिव्या दिल्या. पाणी माझ्या घोट्याशी आलं होतं. पायरी पायरी करत ती चढली, उंबरा ओलांडला, आणि दुसरीकडे जागाच नव्हती म्हणून स्वयंपाकघरात शेगडीशेजारी तिला उभी केली. नेवियोनं स्टँड लावला, मागे सरून बघितलं.

"शोभते की नाही इथे?" तो म्हणाला. त्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

मी कॉफी ठेवली. तो खुर्चीवर बसला.

"देआन्ना, रुमाल दे."

मी दिला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"रुमाल," तो परत म्हणाला आणि मोरिनीकडे बोट दाखवायला गेला, पण हात मांडीवरून उठला नाही. "रुमाल, रुमाल." मी समोर जाऊन त्याचा चेहरा बघितला. एक बाजू ओघळल्यासारखी खाली आली होती.

फोनवरची बाई शांतपणे बोलत होती. रस्त्यावर आता छातीएवढं पाणी, रुग्णवाहिका येऊ शकत नाही, होडी पाठवायचा प्रयत्न चालू आहे, त्यांना कुशीवर झोपवा, बोलत राहा. मी त्याला फरशीवर घेतलं, डोकं मांडीवर. वीज गेली. मी बोलत राहिले. घाटाबद्दल, कात्याच्या जन्माबद्दल, काय काय. त्याचे डोळे उघडे होते. होडी आली तेव्हा उजाडलं होतं.

"थोडं लवकर आणता आलं असतं तर…" इस्पितळातला डॉक्टर म्हणाला आणि थांबला. भला माणूस होता.

चारही गाड्या वाचल्या. नेवियोचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. आम्ही परत त्याच घरात आलो, कारण आमच्या गल्लीत आता कुणी घर विकतही घेत नाही आणि बोलोन्यात दुसरा फ्लॅट काही मिळाला नाही. त्याला खुर्चीसकट चौघांनी जिन्यावरून वर आणलं, तेव्हापासून तो खाली उतरलेला नाही. गॅरेजमधला चिखल आहे तिथेच वाळला.

मोरिनी शेगडीशेजारीच होती. तिला वळसा घालून मी स्वयंपाक करायचे. नेवियो तिच्याकडे बघायचाच नाही. डॉक्टर म्हणाला होता, उजवीकडचं त्यांना कदाचित जाणवत नसेल, म्हणून मी खुर्ची फिरवून गाडी डाव्या हाताला आणली. त्यानं मान भिंतीकडे वळवली.

वेत्सियो रविवारी येतोच. नेवियोला चमच्यानं भरवतो, तोंड पुसतो. टोमणे मारत नाही. एकदा म्हणाला, "माझी लाल विकली मी. टीव्ही घरात आहेच की." मी वाट बघितली. नेवियो घास चावत राहिला.

मार्चमध्ये वेत्सियोला सुचलं. मोटारसायकलवाल्यांच्या क्लबातले पाचसहा जण घेऊन आला. मोरिनी खाली न्यायची आणि खिडकीखाली सुरू करायची. "आवाज ऐकून आत काहीतरी हलेल, देआन्ना. एवढी वर्षं ज्या आवाजावर जगला…" मलाही तसं वाटलं. मी नेवियोची दाढी केली, निळा स्वेटर घातला, खुर्ची खिडकीशी नेली, खिडकी सताड उघडली. खाली सगळे माना वर करून उभे होते. वेत्सियोनं किक मारली. दोनदा नुसती खोकली, मग सुरू झाली. तोच आवाज, उंच, स्वच्छ.

नेवियोचा डावा हात उठला. खालच्यांनी ते बघितलं आणि कुणीतरी आनंदानं ओरडलं. पण त्याचा हात खिडकीच्या कडीकडे गेला होता. बोटांनी त्यानं खूण केली. मला कळलं नाही असं वाटून त्यानं परत केली.

"बंद करू?"

त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा असं बघितलं. मी खिडकी लावली. काचेपलीकडे आवाज थोडा वेळ राहिला, मग थांबला.

मी खाली गेले.

"काय म्हणाला?" वेत्सियोनं विचारलं.

"बंद कर म्हणाला."

त्यानं पेट्रोलचा नळ बंद केला. कुणीतरी म्हणालं, दमला असेल, पुढच्या रविवारी पुन्हा करू. "नाही," वेत्सियो म्हणाला. मग मला विचारलं, "ही परत वर न्यायची?"

"नको. घेऊन जा."

ती त्याच्या शेडमध्ये गेली, बाकीच्यांच्या शेजारी. त्यांना कुणी हात लावत नाही. उभ्या उभ्या पेट्रोल आटत असेल, टायर बसत असतील.

त्या संध्याकाळी नेवियोनं सूप सगळं संपवलं. मग पलंगाकडे खूण केली. बाहेर चांगला उजेड होता, पण त्याला झोपायचं होतं. मी त्याला उचलून आडवं केलं, पांघरूण घातलं आणि पडदा ओढून घेतला.