बारापैकी बारा

लोणावळ्याला तीस वर्षं मास्तरकी करून घरी बसल्यावर महिपती मास्तरांनी चार लोकांसारखं पारावर बसून हवापाण्याच्या गप्पा माराव्यात की नाही? त्यांनी त्रैमासिक काढलं. ‘मावळ वनौषधी’ असं त्याचं नाव. मित्र दत्तोबांच्या छापखान्यात ते निघे. अंक जेमतेम चाळीस पानांचा, पण पुण्या-मुंबईचे जाणते वैद्य आणि डॉक्टर तो मागवून घेत, कारण छापायच्या बाबतीत मास्तर कोणाची भीडभाड ठेवत नसत. नाशिकच्या एका नामांकित वैद्यांनी तापावरच्या काढ्याचा लेख पाठवला होता, साठ रोगी आणि साठही बरे. मास्तरांनी लाल शाईने ‘मेलेले कुठे आहेत?’ एवढंच लिहून तो परत धाडला. हा प्रश्न दुसऱ्याला विचारणं फार सोपं असतं, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

सन १९३८च्या ज्येष्ठ अंकात मास्तरांचा स्वतःचा लेख आला. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीवर शिदू नावाचा म्हातारा साप चावलेल्यांना एक मुळी उगाळून पाजत असे. आदल्या दिवाळीनंतर मास्तर तिथे गेले, शिदूकडून वर्षभरातली बारा नावं लिहून घेतली आणि दोन दिवस वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. आठ माणसं भेटली, चांगली हिंडती-फिरती. चार झोपड्या बंद होत्या. शेजाऱ्यांना विचारलं तर ‘वलवणला गेली, धरणाच्या कामाला’ असं उत्तर मिळालं. कामाला गेले म्हणजे बरेच झाले असणार, असं धरून मास्तरांनी त्या चौघांपुढेही ‘बरा, कामावर गेला’ लिहून टाकलं. चढ चढून पायांचे तुकडे पडले होते आणि घरची ओढ लागली होती, हेही खरंच. तक्त्याखाली आलं, बारापैकी बारा.

लेख गाजला. मुंबईच्या एका मासिकाने तो जसाच्या तसा उचलला. पुण्यातल्या एका मंडळाने भाद्रपदात सभा भरवून मास्तरांचा सत्कार करायचं ठरवलं. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काळा कोट त्यांनी महिनाभर आधीच परटाकडे टाकला.

श्रावणात एके दुपारी ते वलवणच्या धरणाकडे फिरायला गेले असताना डागडुजीच्या कामावर दगड वाहणारा एक माणूस दिसला. मास्तरांनी वाडी विचारली, नाव विचारलं. शिदूच्याच वाडीवरचा बारकू. याच्या बायकोला, बायाला, नाग चावला होता. तक्त्यातली पाचवी ओळ तिची: स्त्री, वय पंचवीस.

“काय रे बारकू, बाया बरी आहे ना?” मास्तरांनी हौसेने विचारलं.

बारकूने पाटी खाली ठेवली. “बाया? ती गेल्या साली मेली की, मास्तर. चावल्याच्या दुसऱ्या दिशी.”

“अरे, पण तुम्ही तर इकडे कामाला आलात म्हणून...”

“आमी आलो. ती न्हाई आली. साप चावून मानूस मेलं का त्या झोपडीत आमी चूल पेटवीत न्हाई. बिऱ्हाड हालवतो.”

चार बंद झोपड्या त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी, भर पावसात, ते शिदूची वाडी चढून गेले. शिदूने काही लपवलं नाही.

“चारीबी मेली,” तो म्हणाला. “आन जी आठ तुमास्नी भेटली न्हवं, त्यातल्या पाचांना दिवड नाय तर धामण चावलेली. त्यास्नी मुळी कशाला, नुसतं पानी पाजलं असतं तरी जगली असती.”

“मग तू मला बोलला का नाहीस?”

“तुमी नावं इचारली, मी नावं सांगितली. कोन जगलं त्ये सांगाया लागलो तर तुमी म्हनला, ऱ्हाऊ दे, मी सोता बघून घेतो.”

खरंच तसं म्हणाले होते ते. अडाण्याच्या तोंडच्या गोष्टीवर विसंबायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. आता त्या बाण्याची त्यांना लाज वाटली.

छापखान्यात भाद्रपदाचा अंक जुळत होता. दत्तोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

“इतकं काय मनावर घेता? सभा होऊन जाऊ द्या. मार्गशीर्षाच्या अंकात शेवटच्या पानावर शुद्धिपत्र टाकू. आकडा चुकीचा पडला, खिळे जुळवताना आपल्या कंपोझिटरच्या, अंबाजीच्या हातून चूक झाली म्हणू.”

मास्तर ताडकन उठले. “अंबाजीच्या माथी मारू? माझं पाप? ते होणार नाही, दत्तोबा. चूक माझी आहे, माझ्या नावाने छापायची.”

“बरं, तुमच्या नावाने. पण सभेनंतर?”

मास्तर उठले होते ते परत बसले. अंबाजीला वाचवलं, खोटं बोलायला नकार दिला, एवढ्यावर त्यांचं मन हलकं झालं होतं. त्या हलकेपणात दत्तोबांचा दुसरा शब्द त्यांनी गिळून टाकला. “सभेनंतर,” ते म्हणाले. मला विचाराल तर मास्तर तिथे चुकले. झोपड्यांपाशी झाली ती घाई होती. ही घाई नव्हती.

सभेला आठ दिवस उरले होते. सकाळी शिदू छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आंदर मावळातून पायी आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. आत ये म्हटलं तरी येईना.

“आमच्या खालच्या गावातल्या हौशीरामला घोणस चावली,” तो म्हणाला. “बांधावरचं गवत कापताना. गाडी जुपली हुती, तळेगावच्या डाक्टरकडं न्यायाला. त्याच्याकडं सुई असती सापाची. मीबी म्हनलो, न्या, घोणशीला माझ्या मुळीनं व्हायाचं न्हाई. तवर कुनीतरी तुमचा अंक आनला आन चावडीवर वाचला. बारापैकी बारा. म्हनले, शिदूच्या हातून कोन मरतच न्हाई, कशाला सात कोस हादरे द्यायचे? बैलं सोडली.”

“तू सांगितलं नाहीस त्यांना? चौघं मेली म्हणून?”

“सांगितलं. म्हनले, म्हाताऱ्या, छापल्यालं खोटं आसतं व्हय?” शिदूने पंच्याने तोंड पुसलं. “तिसऱ्या दिशी गेला. लय हाल झालं.”

दत्तोबांकडे न बघता मास्तरांनी अंबाजीला पहिल्या पानाचे खिळे सोडायला सांगितले. पुण्याला चार ओळींचं पत्र टाकलं: सत्कार घेऊ शकत नाही, कारण अंकात वाचावं. नवा तक्ता त्यांनी उभ्याउभ्याच लिहून काढला. या वेळी वय आणि गावाबरोबर माणसांची नावंही घातली. बारा ओळी झाल्यावर ते थांबले आणि खाली तेरावी आखली.

अंक निघताच तो घेऊन ते हौशीरामच्या गावी गेले. हौशीरामची बायको कस्तुराबाई दोन दीरांबरोबर घरी होती. मास्तरांनी हात जोडले. माझी चूक झाली, बाई, बंद झोपड्या मी बऱ्यात धरल्या, एवढं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही.

“मानूस चुकतं,” ती म्हणाली. “पर त्ये चावडीवर वाचलं हुतं. ह्येबी तितंच वाचा. समद्यांच्या म्होरं.”

चावडी भरली. शिदू एका कडेला बसला होता. ज्यांनी बैल सोडले होते तेही आले होते, माना खाली घालून. मास्तर एकेक ओळ वाचत गेले. “पाच. बाया बारकू, वय पंचवीस. नाग. मृत्यू.” आवाज शाळेत असायचा तसाच खणखणीत ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

“तेरा. हौशीराम, वय चाळीस. घोणस. मृत्यू. कारण: दवाखान्यात नेलं नाही. न नेण्याचं कारण: या त्रैमासिकाच्या ज्येष्ठ अंकातला माझा लेख. तो चुकीचा आहे हे मला या दंशाच्या एकवीस दिवस आधी कळलं होतं.”

मास्तरांनी अंकाची घडी घातली. तेव्हा कस्तुराबाई डोक्यावरचा पदर सावरत उठून उभी राहिली.

“येकवीस दिस?” तिने विचारलं. “आदी ठावं हुतं तुमास्नी?”

“होय.”

“मंग सांगाया का न्हाई आला?”

मास्तरांना पुष्कळ काही सुचलं. पाऊस, वाटा, अंक तीन महिन्यांनी निघतो, दत्तोबा. त्यांनी शिदूकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पुण्याला माझा सत्कार होता,” ते म्हणाले.