सहा हजार हत्ती

सहा हजार हत्ती जाळायचे होते, आणि ते जळताना बघायला कुणीतरी जायला हवं होतं.

हत्ती कापडाचे होते. मांजराएवढे, करड्या मऊ कापडाचे, पोटात कृत्रिम कापूस भरलेले. खेळण्यांच्या कारखान्यात ते तयार झाले, खोक्यांत बसले आणि दुकानांत जायच्या आदल्या आठवड्यात तपासणीत नापास झाले. डोळा जरा जोरात ओढला की सुटून हातात यायचा. शर्टाच्या बटणाएवढा काळा डोळा. तान्ह्या मुलाच्या घशात अडकायला तेवढा पुरे. म्हणून तो माल विकायचा नव्हता, कुणाला फुकट द्यायचा नव्हता आणि कचऱ्यातही टाकायचा नव्हता, कारण कचऱ्यातून तो फिरून पोरांच्याच हातात गेला असता. तो जाळायचा, आणि शेवटचा हत्ती जळेपर्यंत तिथे उभं राहून तसं लिहून द्यायचं, असं ठरलं.

मालकांनी नमुनेवाल्या काकूंना बोलावलं. कारखान्यातलं प्रत्येक नवं खेळणं आधी काकू स्वतःच्या हाताने शिवायच्या. तो नमुना पास झाला की त्यावरून बाकीचे हजारो निघायचे. हा हत्तीही त्यांचाच.

"काकू, तुम्ही जाल?"

"मीच का?"

"दुसरं कुणी तयार होत नाहीये. आणि मोजण्यात तुम्ही चुकत नाही."

खरेदीवाले साहेब तिथेच बसले होते आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चालू असल्यासारखे बघत होते. नमुन्यात काकूंनी डोळे दोऱ्याने भरले होते. दोऱ्याच्या डोळ्यांना चार मिनिटं लागतात, चिकटवायला चार सेकंद, असा हिशोब करून डिंक याच साहेबांनी आणला होता. काकूंच्या जिभेवर ते आलं होतं, पण त्यांनी गिळलं. बैल गेला आणि झोपा केला, आता बोलून काय उपयोग!

घरी निवृत्त नवऱ्याने पिशवी भरताना विचारलं, "सिमेंटच्या कारखान्यात हत्तींचं काय करणार? भिंतीत चिणणार?"

"भट्टीत जाळणार. कोळशाच्या जागी."

"हत्तीवर भट्टी चालते?"

"जुन्या टायरवर चालते, फाटक्या चपलांवर चालते, लाकडाच्या भुश्श्यावर चालते. हत्तीने काय घोडं मारलंय?"

सकाळी नऊला ट्रक सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरला. काकू ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. समोर भलामोठा उंच टॉवर, त्याच्या पायथ्याशी आडवी पडलेली, हळूहळू स्वतःभोवती फिरणारी लोखंडी नळी. एवढी लांब, की तिच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाणार नाही.

"ती भट्टी," ड्रायव्हर म्हणाला. "रात्रंदिवस फिरते."

बाजूला पत्र्याची मोठी शेड होती. तिथे टायरांचे ढीग होते, चपलांच्या तळव्यांचे ढीग होते, भुश्श्याचे ढीग होते, आणि त्या सगळ्यांवर हुकूमत गाजवणारी एक ठेंगणी बाई होती. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, गळ्यात शिट्टी. तिला सगळे ताई म्हणत होते, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

ताईंनी एक खोकं फोडलं, हत्ती बाहेर काढला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय? कागदावर 'कापडी टाकाऊ माल' लिहिलंय. ह्याला तर सोंड आहे!"

"सोंड आहे म्हणून जळत नाही का?" काकू म्हणाल्या.

"जळतो हो. पण इथल्या बाया टाकतील का यंत्रात?"

बाया चार होत्या, आणि चौघींनी तोवर एकेक हत्ती उचललाही होता. एकीने विचारलं, "काकू, एक नेला तर? माझ्या भाचीला..."

"नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच हत्तीचा डोळा दोन बोटांनी धरून उपटला आणि त्या बाईच्या तळहातावर ठेवला. "ह्याच्यामुळे नाही." बाईने डोळ्याकडे पाहिलं, मूठ मिटली आणि पुन्हा विषय काढला नाही.

कामाला सुरुवात झाली. आधी माल कातरयंत्रात घालून त्याचे तुकडे करायचे आणि ते पट्ट्यावरून भट्टीकडे सोडायचे, अशी तिथली रीत. पहिले शंभर हत्ती यंत्रात गेले. यंत्राने ते मिटक्या मारत खाल्ले. दुसऱ्या शंभराला मात्र त्याचा आवाज बदलला. आधी गुरगुर, मग घुर्र, मग एक लांब उसासा, आणि यंत्र थांबलं. पोटातला कापूस दातांभोवती गुंडाळून गुंडाळून उशीएवढा झाला होता. जो गुंडाळला गेला नाही, तो हवेत. शेडभर पांढरी पिसं उडत होती. ताईंच्या भुवयांवर कापूस, शिट्टीत कापूस. त्यांनी शिट्टी फुंकली तर आवाजाऐवजी एक पुंजका बाहेर पडला, आणि चारही बाया टायरांच्या मागे जाऊन पोट धरून हसल्या.

फिटर सुरी घेऊन यंत्राच्या दातांत शिरला. "दोन तास," तो आतून म्हणाला.

"मग कातरायचेच नाहीत," ताईंनी ठरवलं. "टॉवरच्या खालच्या अंगाला एक झडप आहे. टायर आम्ही तिथून अख्खे टाकतो. हत्तीही अख्खे टाकू."

चाळीस हत्ती पट्ट्यावर रांगेत बसून निघाले. सहलीला निघाल्यासारखे डुलत डुलत वर गेले, एकेक करून झडपेत पडले. दोन मिनिटं झाली नाहीत तोच ताईंच्या खिशातला फोन खणखणला. त्यातला आवाज काकूंनाही चार हातांवरून ऐकू आला.

"ताई! काय टाकलंत? ते खाली येईनात, वर चाललेत!"

"हत्ती आहेत, मामा."

"हत्ती उडतात का?"

हे भट्टीमामा. भट्टी सांभाळण्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दिवसभर कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसून ते भट्टीचा श्वास मोजायचे. थोड्या वेळाने ते स्वतःच तणतणत शेडमध्ये आले. उंच, वाकलेले, मिशा पार पांढऱ्या.

"झडपेच्या जागी वारा वर ओढतो," त्यांनी काकूंना समजावलं, रागात पण नीट. "टायर जड, तो खाली भट्टीत पडतो, तिथे जळतो, माझं काम होतं. तुमचा हत्ती वजनाला पाव-अर्धा किलो. तो वाऱ्याबरोबर वर जातो आणि नको तिथे पेटतो. वरती उष्णता चढली, वायू बिघडला, घंटी वाजली. एक तर त्याला जड करा, नाहीतर परत घेऊन जा."

ताई म्हणाल्या, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण ट्रक परत भरू या."

काकूंना वाईट वाटलंच. परत नेले तर हत्ती पुन्हा गोदामात बसणार. कुणीतरी कधीतरी एखादं खोकं मागच्या दाराने काढणार. आणि गोदामाशेजारून जाताना आपण रोज मान खाली घालणार. त्या म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा." सुट्टीनंतर काय करायचं ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

बायांबरोबर डबा खाऊन त्या एका टायरवर बसल्या. शेजारी दुसरा टायर उभा होता. मांडीवर हत्ती. काकूंचे हात कधी रिकामे राहत नसत. बोलता बोलता त्यांनी हत्तीचा पाय टायरच्या पोकळीत सारला, मग दुसरा पाय, मग पाठ दाबली, सोंड आत दुमडली. हत्ती आत गेला आणि आतच राहिला. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा.

"काकू, काय करताय?"

"भरतेय," काकू म्हणाल्या, आणि मग स्वतःच ताडकन उभ्या राहिल्या. "अगं, भरतेय! ताई, तुमचा टायर आतून पोकळच आहे की! जडपणा त्याचा, पोट आमचं!"

ताईंनी टायर उचलून उलटा केला, हलवला, आपटला. एकही हत्ती पडला नाही. त्यांनी मामांना फोनवर नुसतं सांगितलं नाही, तर तो टायर हाताने ढकलत, गडगडवत कंट्रोल रूमच्या दारापर्यंत नेला. मामांनी टायरमधून बाहेर बघणाऱ्या तीन चेहऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"दहा पाठवा," ते म्हणाले. "चाळीस सेकंदाला एक. गडबड दिसली तर लगेच बंद करीन."

दहा टायर गेले. काकू आणि ताई कंट्रोल रूममध्ये मामांच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभ्या. पडद्यावरच्या रेघा किंचित थरथरल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणखी दहा," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कोळसा कमी केला. चुलीवर दूध ठेवलेली बाई आच कमी करते ना, तसा अगदी थोडा, अंदाजाने.

मग शेडमध्ये शाळाच भरली. काकू मधे बसल्या आणि सगळ्यांना शिकवू लागल्या. "आधी पाय. मग बूड. सोंड सगळ्यात शेवटी, नाहीतर ती बाहेर लोंबते. अंगठ्याने नाही, तळव्याने दाबा. सुरकुती राहिली म्हणजे आत जागा आहे." एका टायरात पाच हत्ती बसू लागले. यंत्राने ज्यांचे तुकडे केले होते त्यांचा कापूसही गोळा करून त्याच पोकळ्यांत गेला. फिटरसुद्धा सुरी ठेवून येऊन बसला, आणि त्याचे टायर सगळ्यांत नीटनेटके भरले गेले. बायांनी त्याला त्यावरून दिवसभर छळलं.

पाच हत्तींचा एक टायर झाला की काकू भिंतीवर खडूने एक रेघ ओढत. संध्याकाळी भिंतीचा अर्धा भाग रेघांनी भरला. मुक्कामाला ताईंनी त्यांना आपल्याच घरी नेलं. ताईंच्या सासूबाईंना हत्तींची गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी ती काकूंकडून दोनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा स्वतःच शेजारणीला सांगितली. त्यात हत्ती साठ हजार झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं खोकं उघडलं. शेवटच्या टायरात चारच हत्ती आले.

काकूंनी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. वाऱ्यावर उडालेले चाळीस धरले, यंत्रात गेलेले धरले. पाच हजार नऊशे नव्याण्णव.

"हत्ती गेला, शेपूट राहिलं," ताई म्हणाल्या. "एकाने काय होतं? लिहून टाका सहा हजार."

"मी पाहिलेलंच लिहीन."

सगळ्यांनी खोकी झटकली, ढीग उपसले, ट्रकच्या खाली वाकून पाहिलं. नाही. शेवटी काकू मामांना विचारायला कंट्रोल रूममध्ये गेल्या. मामा पडद्याकडे बघत होते, जरा जास्तच लक्ष देऊन. त्यांच्या खुर्चीवर, पाठीशी, त्यांचा कोट घडी घालून ठेवला होता, आणि कोटाच्या बाहीतून सोंड बाहेर आली होती.

"मामा."

मामांनी मान वळवली नाही. "नात आहे. दीड वर्षाची," ते हळूच म्हणाले. "काल तो पहिला टायर आणलात ना, त्यातल्या एकाने माझ्याकडे असं बघितलं... मग रात्री खोक्यातून एक उचलला."

काकूंनी हत्ती हातात घेतला. एवढा वेळ एकेक आत दाबताना त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. चांगला जमला होता तो. कानांचा बाक, पाठीचा फुगीर गोल, सगळं हवं तसं. त्यांनी डोळ्याला बोट लावलं. डोळा लगेच सुटला.

"दीड वर्षाची मुलगी पहिलं काय करते, मामा?"

"तोंडात घालते," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीतून उठले, शेजारच्याला पडद्यापाशी बसवलं आणि हत्ती स्वतः हातात घेऊन शेडपर्यंत चालत आले. शेवटच्या टायरात त्यांनीच तो भरला. आधी पाय, मग बूड, सोंड शेवटी. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं असणार.

"नातीचं नाव-पत्ता लिहून द्या," काकू म्हणाल्या. "तिच्यासाठी मी वेगळा शिवते. डोळे दोऱ्याचे. बैलजोडी लावून ओढलेत तरी निघणार नाहीत."

टायर वर गेला, झडप उघडली, मिटली. ताईंनी शिट्टी फुंकली. ह्या वेळी ती वाजली.

मग मामा म्हणाले, "चला, तुम्हाला दाखवतो. एवढं आणलंत, तर बघून जा." भट्टीच्या तोंडाशी एक छोटी खिडकी होती. मामांनी काकूंच्या हातात निळी काच दिली. काकूंनी ती डोळ्यांसमोर धरली. आत सूर्य लोळत होता. त्याच्या खाली लालबुंद गोटे भिंतीवर चढत होते, घसरत होते, पुन्हा चढत होते.

"ह्यात कुठे आहेत ते?" काकूंनी ओरडून विचारलं, कारण तिथे आवाज फार होता.

"सगळीकडे!" मामाही ओरडले. "उष्णता वापरली, राख ह्या गोट्यांत मिसळली. टायरमधल्या तारेचं लोखंडसुद्धा वाया जात नाही, सिमेंटला ते लागतंच. हेच गोटे दळले की सिमेंट!"

काकू बघतच राहिल्या. तोंडावर धग येत होती, तरी त्यांना मागे सरावंसं वाटेना. शेवटी ताईंनी हाताला धरून ओढलं.

कागदावर त्यांनी लिहिलं: सहा हजार, सगळे, माझ्यासमोर. सही केली.

संध्याकाळच्या बसने त्या परत आल्या. नवरा थांब्यावर उभा होता. काकूंच्या केसांत अजून कापूस होता आणि दोन्ही तळवे टायरच्या काळ्या रंगाने माखलेले.

"काय हा अवतार! एवढी कसली दमलीस? नुसतं बघायलाच गेली होतीस ना?"

"बघायला?" काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली. "अहो, आधी ते हत्ती उडालेच!"

"उडाले?"

"ऐका तर." आणि काकू थांब्यावरच्या बाकावर बसून सांगू लागल्या. घराकडे जाणाऱ्या दोन रिक्षा समोरून निघून गेल्या. तिसरीवाला थांबला, पण हत्ती टायरात शिरायच्या जागी गोष्ट आली होती, म्हणून तोही इंजिन बंद करून ऐकत बसला.