गोजराची परवानगी

आम्ही इथले मूळचे, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही पाठ असतं. नवं शहर वसवायला सरकारनं आमची भातशेती घेतली, मिठागरं घेतली, तेव्हापासून प्रत्येक मोर्चात आम्ही हेच ओरडत आलो. खोटं नाही ते. फक्त अर्धं आहे.

आमच्या आधी इथं डोंगरावरचे कातकरी होते. गावदेवीची शिळाही त्यांचीच. म्हणून चैत्रातल्या जत्रेला रीत अशी, की पाटलानं कातकऱ्यांच्या म्हातारीपुढे वाकून विचारायचं, "आये, तुझे जाग्यान आमी ऱ्हाव का?" तिनं "ऱ्हावा" म्हणून शिळेला हळद लावायची, मगच पालखी उठायची.

वर्षातून एकदा वाकायचं, बाकी सगळं वर्ष ताठ. इंग्रजांनी डोंगरावरचं जंगल सरकारजमा केलं, तेव्हा गोऱ्या साहेबानं आमच्या पाटलालाच विचारलं, वर कोण राहतं? पाटील म्हणाला, फिरस्ते आहेत, चोऱ्या करतात. झालं. कातकऱ्यांचं जंगल गेलं, शिवाय चोर ठरवून चावडीवर रोजची हजेरी मागं लागली. पाटलाला बक्षीस म्हणून खाडीकाठची खारजमीन मिळाली. पुढे शहरासाठी सरकारनं आमच्याकडून घेतली ती हीच जमीन. एवढं झाल्यावर तरी शहाणपण यावं की नाही?

त्या पाटलाचा पणतू आणि आताचा पाटील म्हणजे माझा काका, पंढरी. चौऱ्याण्णव साली त्याला डोंगर फोडून न्हावा शेव्याच्या बंदराकडे खडी पाठवायची होती. आड येत होती फक्त जत्रेत हळद लावणाऱ्या गोजरा म्हातारीची वाडी, कातकऱ्यांच्या चार झोपड्या. वाडी जुनी की नवी, या चौकशीला सरकारी साहेब आला, त्याला गोजरा म्हणाली, "कागुद नाय आमचेकडं. जत्रंला ये. गाव मला काय इचारतं ते तुझे कानानं ऐक."

साहेब तसा भला होता. गाव विचारत असेल तर वाडी जुनीच, मग तिला कोणी हात लावणार नाही, असं म्हणाला. गोजराचा त्यावर विश्वास बसला. साहेबावर नव्हे, आमच्यावर.

जत्रेला साहेब आला, फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसला. गोजरा धुतलेलं लुगडं नेसून, मुठीत हळद घेऊन शिळेपाशी उभी होती. काका तिच्यासमोरून सरळ पुढे गेला आणि त्यानं पालखीला खांदा दिला. बेंजोवाल्यांनी दणका सुरू केला.

"ती बाई कोण?" साहेबानं विचारलं.

"ती व्हय? हलद इकते," काका म्हणाला.

सगळं गाव पालखीमागं सरकलं. जमिनीसाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्लेली माणसं ही. माझं डोकंच फिरलं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, ही गोजरा. हिला विचारल्याशिवाय पालखी उठत नाही."

काका हसला. "पन उठली ना? डोल्यांनी बगताय ना सायब?"

साहेबानं पाहिलं. पालखी खरंच उठली होती. वाडी जुनी नाही असं ठरवून तो मटण जेवायला गेला.

त्याची जीप गेली आणि काकाला घाम फुटला. रीत मोडली, आता देवी सोडायची नाही. त्यानं पालखी खाली ठेवायला लावली, टोपी काढली, आणि गोजरापुढे वाकला. "आये, तुझे जाग्यान आमी ऱ्हाव का?"

गोजरानं हळद पदराला बांधली.

"नाय," ती म्हणाली. "नका ऱ्हाऊ."

आणि ती डोंगर चढायला लागली.

मे महिन्यात वाडी पाडली, पाठोपाठ सुरुंग लागले. आता आमच्या भिंतींना तडे जातात, ताटातल्या भातावर धूळ बसते, पोरं खोकतात, आणि काका म्हणतो, देवी कोपली. देवीला कशाला मध्ये ओढायचं? तिनं तोंडही उघडलं नव्हतं. नाही म्हटलं ते गोजरानं.