नामदेवरावांच्या दंडातली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दोरीची नव्हे, चरबीची. काचीगुड्याच्या नामदेवरावांच्या डाव्या दंडात, कातडीच्या अगदी खाली माझा मुक्काम आहे. मी का जन्मले, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आधी मी वाटाण्याएवढी होते. कोर्टातली नोकरी संपवून नामदेवराव घरी बसले, तोवर लिंबाएवढी झाले. मी कधी दुखले नाही. बोटाने ढकलले की अलगद बाजूला सरकायचे, एवढेच.

पण नामदेवराव मला घाबरत. त्यांचे थोरले भाऊ मानेतल्या गाठीच्या आजाराने गेले होते. त्यांनी मला हळदीचा लेप लावला, कोमट तेलाने चोळले. मी विरघळले नाही. मग त्यांनी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालणे सोडले. घरात मात्र कुणाला काही सांगितले नाही. मलाही प्रश्न पडे, मी खरेच इतकी वाईट आहे का?

त्याच सुमारास त्यांनी मुलीच्या, प्रियाच्या लग्नाची घाई मांडली. तिची एम.एस्सी. अर्धवट होती.

"बाबा, परीक्षा तरी होऊ द्या ना!"

"पुढचं कुणी पाहिलंय?" एवढेच ते म्हणत. प्रिया रडली आणि शेवटी कबूल झाली.

लग्नात घालायच्या नामदेवरावांच्या शेरवानीचे माप घ्यायला मलकपेठेचा शिंपी घरी आला. त्याची टेप माझ्यापाशी अडखळली.

"साब, यहाँ फूला हुआ है. आस्तीन ढीली रखूँ क्या?"

चहा घेऊन आलेल्या इंदुमतीबाईंनी ते ऐकले. शिंपी जाताच त्यांनी नवऱ्याला बाही वर करायला लावली.

"अहो, हे कधीपासनं?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि म्हणून पोरीच्या लग्नाची घाई?"

नामदेवरावांनी मान खाली घातली. "माझ्या डोळ्यांदेखत होऊन जावं, म्हटलं."

प्रिया दारातच उभी होती. ती पुढे आली आणि तिने मला हळूच दाबून पाहिले. "बाबा, ही तर सरकते! मऊसुद्धा आहे. उद्या दवाखान्यात जायचं, काय आहे ते बघायचं."

डॉक्टर सत्यवतींनी मला चाचपले. मग थंडगार जेल लावून सोनोग्राफी केली.

"नुसती चरबी आहे, साब. डरने का काम नक्को," त्या हसून म्हणाल्या. "कॅन्सर नाही. बारीक माणसांनाही अशी गाठ येते. त्रास नसेल तर राहू द्या. एकदम वाढली, घट्ट झाली, दुखायला लागली, तर लगेच या."

नामदेवरावांनी बाही खाली केली. मग मुलीकडे वळून म्हणाले, "प्रिया, परीक्षा कधी आहे गं तुझी?"

मुलाकडच्यांना त्यांनी स्वतः जाऊन सगळे खरे सांगितले. लग्न परीक्षा होईपर्यंत पुढे ढकलले.

मित्रांनो, माझ्यासारख्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण सगळ्या नसतात. कुठली कशी, ते लेप लावून किंवा भीत बसून कळत नाही. म्हणून घरात कुणाच्या अंगावर गाठ दिसली, तर त्यांचा हात धरा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. एवढे माझे ऐका.