घोडामारची वाट

ओरेलनं पहिला गुद्दा हाणला तेव्हा माझ्या तोंडात डुकराच्या मांसाची पाई होती. अर्धी गिळली, अर्धी भिंतीवर गेली. बायको, जिस्लेन, पुढे तीन दिवस ती भिंत घासत होती आणि घासता घासता माझ्याकडे बघत होती.

"पिटू?" ओरेल म्हणाला. "पिटू लामार्श?"

मला हसू फुटलं. दात हलत असताना हसलं की रक्ताचे फुगे येतात. ते बघून वालमोरही हसला, तर त्याच्या नाकावर कोपर बसलं. वालमोर शाळेची बस चालवतो. साठ पोरांना डोळ्यांनी गप्प करतो, पण त्या दिवशी नाक धरून फ्रिजला टेकला तो टेकलाच.

चूक माझी होती. कबूल.

आमचं असं आहे, मार्चचा शेवटचा रविवार, चर्चहून आलं की माझ्या टेबलावर नकाशा. मे महिन्यात बर्फ फुटलं की आम्ही तिघं एका लांब होडीतून उत्तरेच्या रानात जातो, आठ दिवस, पाईक मासे मारायला. दोन तळ्यांच्या मधे जमीन आली की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. अशा अकरा वाटा. त्यातली घोडामार पावणेदोन किलोमीटर, अर्धा चिखल, अर्धे धोंडे. नकाशाच्या कडेला प्रत्येक वाटेसमोर होडी वाहणाऱ्याचं नाव लिहायचं. नियम एकच, आपलं नाव आपणच लिहायचं. दुसऱ्याचं लिहिलंत तर मार खायचा. वालमोरनं एकदा माझं लिहिलं होतं, त्याच्या भुवईवर खूण आहे अजून.

घोडामारसमोर चोवीस वर्षं एकच नाव. ओरेल.

ओरेल गावाच्या पाण्याचे पंप दुरुस्त करतो. करायचा. नोव्हेंबरात पंपघरात पडला तो सहा तास तिथंच पडून होता, डोक्यापाशी पंप चालू. मेंदूत गुठळी. पाय आला परत, तोंडही सरळ झालं, डावा हात नाही आला. त्याची बायको लुदिवीन मला म्हणाली, "यंदा नको म्हणून तूच सांग त्याला. तुझं ऐकतो."

मी सांगू? मी उभ्या जन्मात कुणाला काही सरळ सांगितलेलं नाही. शाळेत शिपाई आहे, ऑफिसात प्रिंटर आहे. रानाच्या ऑफिसचं पत्र बनवलं. माजावर आलेल्या अस्वलांमुळे घोडामार दोन वर्षं बंद, सबब तो सगळा जलमार्गच बंद. शिक्का असा झकास जमला की मलाच अस्वलांची भीती वाटली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवले, आणि खाली साहेबाची सही ठोकली, पिटू लामार्श. पिटू म्हणजे ओरेलचा कुत्रा. चार वर्षांपूर्वी मेला.

नऊ दिवस त्यानं विश्वास ठेवला. दहाव्या दिवशी चष्मा लावला.

तो दहावा दिवस म्हणजे हाच रविवार. मी आणि वालमोर गुपचूप नकाशा पसरून बसलेलो. चार कोपऱ्यांवर चार वजनं, साखरेचा डबा, मिठाची बरणी, कॉफीचा मग आणि पाईकच्या टाळक्यात घालायचा सोटा. दहा वाटांसमोर नावं पडली होती. घोडामारसमोर पेन्सिल टेकवून मी पाई खात होतो. तेवढ्यात दार उघडलं. ओरेल, मागे गाडीची किल्ली घेऊन लुदिवीन.

त्यानं नकाशा बघितला. रिकामी जागा बघितली. मग ते पाईचं झालं.

आता त्यानं सोटा उचलला. कॉफीचा मग कलंडला, कॉफी गेली. सोटा माझ्या गळपट्टीच्या हाडावर बसला, कट्‌ आवाज झाला. दुसरा कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली. मी टेबलाभोवती पळतोय, हसतोय, "अरे ओरेल, अरे बाबा, अस्वलं होती रे" म्हणतोय, आणि तो मागे. खुर्ची मोडली. त्याचा डावा हात नुसता हेलकावत होता.

"मार की," तो म्हणाला. "मारत का नाहीस?"

"हाड मोडलंय लेका माझं."

"तीस वर्षांपूर्वी बर्फावरच्या हॉकी मॅचमध्ये तुझे दोन दात पाडले मी. तेव्हा हसत होतास? तू असा हाणलास की माझा जबडा तारेनं बांधावा लागला होता. मार."

सोटा माझ्या गुडघ्यावर आला. मी खाली बसलो. वर बघितलं तर ओरेल धापा टाकत होता, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.

आणि दारातून लुदिवीन मला म्हणाली, "फेर्नां, मारू नकोस त्याला. लागेल त्याला."

ओरेलनं ऐकलं. सोटा खाली आला, आपोआप. चोवीस वर्षं होडीखाली त्याची मान बघितलीय मी, चिखलात मांडीपर्यंत रुतलेला बघितलाय. असं तोंड कधी बघितलं नव्हतं.

मी उठलो आणि हाणला. हात राखून, तोलून नाही. अख्ख्या अंगाचा गुद्दा, जबड्यावर, जुन्या तारेच्या जागी. माझी दोन बोटं फुटली. ओरेल स्टोव्हवर गेला, तिथून जमिनीवर. डोकं आपटल्याचा आवाज आला. लुदिवीन किंचाळली नाही, तिनं येऊन मला एक थोबाडीत दिली आणि मग त्याच्यापाशी बसली.

बराच वेळ तो हलला नाही. मग त्यानं तोंडातून काहीतरी काढलं, उजेडात धरलं. दाढ.

"हां," तो म्हणाला. "हा बरा होता."

"बर्फ आणू?"

"पाई आण. आहे का काही, की सगळी भिंतीलाच खाऊ घातलीस?"

बसलो तिघं. वालमोरच्या नाकात बोळे, माझा हात गळ्यात, ओरेल एका गालानं खातोय. लुदिवीन उभीच, किल्ली मुठीत.

"तारीख?" ओरेलनं विचारलं.

"वीस मे," वालमोर म्हणाला. "बर्फ फुटलं तर."

"फुटेल. सोटा मी आणतो. हा हलका आहे."

"हलका?" मी म्हटलं. "माझ्या हाडाला विचार."

मग त्यानं पेन्सिल मागितली. मी दिली. घोडामारसमोर त्यानं टोक टेकवलं, पण सोटा आणि कॉफीचा मग गेल्यामुळे नकाशाचे दोन कोपरे मोकळे होते, कागद सरकायला लागला. एका हातानं लिहिता येईना. मी कोपऱ्याकडे हात नेला. त्यानं नुसतं बघितलं. मी मागे घेतला.

पेन्सिल दातात धरून त्यानं उजव्या हातानं डावा हात उचलला, मनगटाला धरून, आणि कोपऱ्यावर ठेवला. साखरेचा डबा ठेवावा तसा. मग सावकाश लिहिलं. फेर्नां.

नियमाप्रमाणे आता मी त्याला मारायला हवं होतं. वालमोरनं बोळा काढून वाट बघितली. ओरेलनं सुजलेली हनुवटी पुढे केली.

मी वाकून बघितलं. "माझ्या नावाच्या शेवटचा 'द' कुठाय?"

"उच्चारत तर कुणीच नाही. लिहायचं कशाला?"

"बरं."

पाई संपली. लुदिवीननं किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. मी दुसऱ्या बाजूनं एका हातानं नकाशा गुंडाळत आणला, तळी गेली, वाटा गेल्या, घोडामार गेली. ओरेलच्या डाव्या हातापर्यंत आलो आणि तिथं थांबलो.