चाळीस मिनिटांची बॅटरी

चार हिरवे ठिपके. बटण दाबलं की उजळायचे, बोट उचललं की विझायचे, आणि लॉर्ना दुकानाच्या मधल्या ओळीत उभी राहून ते बटण उगाचच पुन्हा पुन्हा दाबत होती — चार, मग काही नाही, मग पुन्हा चार. बॅटरी आकाराने विटेएवढी होती, पण विटेइतकी जड नव्हती. मला उचलता येते, तिने मनाशी नोंद केली, एका हाताने उचलता येते, म्हणजे एका हाताने काढून कुठेही ठेवून देता येईल... आणि हा विचार मनात येताच तिने बॅटरी घाईघाईने फळीवर परत ठेवली, जणू कुणी आपल्याला चोरी करताना पाहिलं.

पाहत होता तो फक्त कर्टिस, दुकानातला लाल जाकीटवाला विक्रेता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस. तो मघापासून तिच्या मागोमाग फिरत होता आणि रांगेत उभ्या केलेल्या गवत कापायच्या यंत्रांपैकी सगळ्यात मोठ्यापाशी तिला घेऊन जायचा प्रयत्न करत होता. वायर नाही, पेट्रोल नाही, दोरी ओढायची कटकट नाही, आणि ढकलायचंसुद्धा नाही, मॅडम, आपल्या पायांनी चालल्यासारखं चालतं, तुम्ही फक्त मागे हात लावून फिरायला निघायचं. एकदा चार्ज केलं की सव्वा तास हूं की चूं नाही. हिरवळ केवढी आहे तुमची?

पाव एकराला थोडी कमी, असं लॉर्नाने फटदिशी सांगितलं, कारण ती ज्या माणसाची बायको होती त्याच्या घरात जमिनीचं माप विसरायची कुणाची बिशाद नव्हती. ऑरिनने अडतीस वर्षं जिल्ह्याच्या मोजणी खात्यात काढली होती. गावात कुणाची हद्द कुठे संपते आणि कुणाची सुरू होते हे कागद न बघता सांगणारा तो एकटा, पुढच्या अंगणांना कुंपण घालायची पद्धत नसलेल्या त्या आयोवातल्या गावात गवताखाली दडलेला हद्दीचा लोखंडी खुंट पायाच्या चवड्याने शोधून काढणारा... आणि तोच ऑरिन तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी —

नको. पण नको म्हटलं की ते हमखास यायचंच. ती स्वयंपाकघरात, ओव्हनमध्ये भाजायच्या गोड 'पाय'साठी रुबार्बचे आंबट देठ चिरत होती आणि समोरच्या अंगणातून ऑरिनच्या पेट्रोलच्या मशीनचा आवाज येत होता. गेलं वर्षभर तिचं सगळं त्या आवाजांवर चाललेलं — नळ सुरू झाला, बंद झाला, गराजचं दार, खोकला, आणि शनिवारी मशीन, जवळ येणारं, वळणारं, लांब जाणारं. त्या दिवशी ते लांब गेलं आणि वळलं नाही. वळेल, आता वळेल, असं म्हणत तिने तीन देठ आणखी चिरले. मग शेजारच्या डिट्झबाईंचा फोन आला, अगदी गोड आवाजात, की ऑरिनने आमचंही गवत कापलं हं, किती चांगला आहे तो. तोवर तो त्यांच्याही पुढे गेलेला होता. एकामागून एक सहा घरांची अंगणं सरळ रेषेत कापत तो चर्चच्या हिरवळीपर्यंत पोचला, आणि तिथे पेट्रोल संपलं म्हणून थांबला. लॉर्ना धावत पोचली तेव्हा तो दांडा घट्ट धरून उभा होता आणि पाद्री त्याला लिंबू सरबत देत होते.

कुणी एक शब्द बोललं असतं तरी बरं झालं असतं. वाटेत मार्लिसबाईंची नवी लावलेली पिओनीची फुलझाडं सपाट झाली होती, आणि त्याच मार्लिसबाई दुसऱ्या दिवशी आभाराची चिठ्ठी लावून केळ्याचा केक घेऊन आल्या. आठवडाभरात असे चार केक आले. लॉर्नाने ते खाल्ले नाहीत, फेकायचं धाडस झालं नाही, सगळे फ्रीझरमध्ये रचून ठेवले. शिव्या घातल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं, निदान माफी तरी मागता आली असती. केकला काय उत्तर द्यायचं?

मिनीआपोलिसहून लेकीचा, हाइडीचा, फोन आला तेव्हा ती सरळच म्हणाली होती की आई, ते मशीन काढून टाक आणि माणूस लाव. हाइडीचं चुकत नव्हतं. हिवाळ्यात गाडीच्या किल्ल्या अशाच काढून घेतल्या होत्या — गाडी दुरुस्तीला टाकलीय, असं सांगून, आणि ऑरिनने मार्चपर्यंत दर दोन दिवसांनी गाडी झाली का असं विचारलं आणि मग एकदम विचारायचं सोडून दिलं. ते सोडून देणं लॉर्नाला विचारण्याहून जास्त लागलं होतं. आता शनिवारही काढून घ्यायचा? सोमवार ते शुक्रवार तो कुठला वार आहे ते विसरायचा, पण शनिवारी सकाळी न सांगता गवताचे डाग पडलेले जुने बूट घालून पायरीवर येऊन बसायचा.

तरी तिने काय केलं? तीही काही कमी नव्हती. चर्चपासून परत आल्यावर तिने मशीनचा बोटाएवढा स्पार्क प्लग काढला आणि पिठाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. ऑरिनने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग सगळं मशीन खोलून गराजमध्ये वर्तमानपत्रावर मांडलं, आणि तीन दिवस त्या सुट्या भागांकडे बघत बसला. बिघाड सापडत नाही गं मला, असं तो म्हणाला. तिने त्याला दार उघडून आत बोलावलं, जेवायला वाढलं, त्याच पिठाची बिस्किटं होती... आणि गवत घोट्यावर आलं. त्यांच्या गावात गवत घोट्यावर आलं की लोक घरात आजारपण आहे का म्हणून विचारायला येतात.

"सगळ्यात कमी वेळ चालणारं कुठलं?" लॉर्नाने विचारलं.

कर्टिसला आधी ते कळलंच नाही. मग तो हसला आणि म्हणाला की तेही आहे, त्या टोकाला, छोट्या बॅटरीचं, पण ते नका घेऊ, चाळीस मिनिटांत मान टाकतं, लोक घेऊन जातात आणि आठवड्यात परत आणतात, अर्ध्या अंगणात बंद पडलं म्हणून आमच्या नावाने बोटं मोडतात. चाळीस मिनिटं. गेल्या कित्येक वर्षांच्या शनिवारांचा हिशेब तिच्या ओव्हनच्या घड्याळात होता: ऑरिनने सुरुवात केली की 'पाय' ओव्हनमध्ये जायचा, आणि तो भाजून बाहेर काढायच्या वेळी ऑरिन बूट पुसत दारात. चाळीस मिनिटं. फार तर बेचाळीस.

ती तेच घेते म्हणाली. कर्टिसने खांदे उडवले, यंत्र ओढून आणलं, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला, कारण या आठवड्यात त्यावर दुसरी बॅटरी मोफत होती. म्हणजे प्रश्नच मिटला! एक संपली की दुसरी लावायची.

"दुसरी नको," लॉर्ना म्हणाली.

"फुकट आहे, मॅडम."

"असू दे. ती खोक्यातून काढून घ्या."

फुकटची वस्तू परत करणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलेलं नसावं. तो कधी तिच्याकडे तर कधी खोक्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात चेष्टा नव्हती म्हणूनच की काय, जे लॉर्नाने हाइडीला इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं, पाद्रींना नाही, डॉक्टरांना तर ऑरिन शेजारी बसलेला म्हणून मुळीच नाही, ते तिच्या तोंडून पेचकस आणि खिळ्यांच्या मधोमध बाहेर पडलं.

"माझ्या नवऱ्याला थांबायचं कळत नाही आता. ह्या मशीनने थांबायला हवं."

कर्टिस अरेरे म्हणाला नाही, माझ्या मावशीचंही असंच झालं होतं म्हणाला नाही, याबद्दल तिने त्याला मनातल्या मनात लाख धन्यवाद दिले. त्याने खाली वाकून वेगाचा खटका सगळ्यात कमीवर आणला, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, आणि मग म्हणाला, "ही आडवी पट्टी दांड्याशी दाबून धरायची. हात सुटला की जागच्या जागी उभं. करून बघा."

तिने पट्टी दाबली. यंत्र निघालं — तिने ढकललं नव्हतं, ते स्वतःच निघालं, आणि तिला हलकेच पुढे ओढत घेऊन गेलं. वर्षभर सगळं तीच ओढत होती, औषधं, डॉक्टर, किल्ल्या, थापा... आणि आता रंगाच्या डब्यांमधून कुणीतरी तिला नेत होतं आणि तिचे हात नुसते वर ठेवलेले होते. तिला हसू आलं. तिने हात सोडला. ते थांबलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. एकूण चार वेळा केलं, आणि कर्टिसने एकदाही पुरे म्हटलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा ऑरिन पायरीवर बसलेला होता, जुने बूट घालून. कुठे चाललीस हे त्याने ती निघताना दोनदा विचारलं होतं, आता कुठे गेली होतीस हे विचारलं नाही. दुकानातून पुन्हा भरून दिलेलं खोकं त्याने उघडलं, चष्मा लावला आणि खोक्यावरचं सगळं वाचलं, चारही बाजू, बारीक अक्षरंसुद्धा, सातबारा तपासावा तसं. मग ते खोकं घड्या घालून नीट दुमडलं. दुकानातच पूर्ण चार्ज करून घेतलेली बॅटरी तिने बसवली. त्याने पट्टी दाबली, आणि यंत्राबरोबर एक पाऊल, दुसरं पाऊल असा तो त्या घोटाभर गवतात शिरला. लॉर्ना आत आली, रुबार्बचा 'पाय' ओव्हनमध्ये सरकवला, घड्याळाला चाळीस मिनिटं लावली आणि सवयीने कान दिला.

काहीच ऐकू येईना.

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळी चौकशी केली, बॅटरी, पट्टी, वेग, आणि हे यंत्र आवाज करत नाही हे कर्टिसने दहा वेळा कौतुकाने सांगितलं तरी तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं की आता जवळ येणं नाही, वळणं नाही, लांब जाणं नाही. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला. समोर तो आहे की नाही... ती जाळीच्या दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. बाहेर डोकावलं की एकदा डोकावून भागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग चाळीस मिनिटं इथेच उभं राहायचं, आणि पुढच्या शनिवारीही इथेच. मग हे सगळं कशाला आणलं? बॅटरीला जेवढं जायचं तेवढंच ती जाणार. मी पाहिलं म्हणून कमी नाही, नाही पाहिलं म्हणून जास्त नाही.

तिने कडीवरचा हात काढला. कपात कॉफी ओतली, आणि बसून प्यायली. गरम होती. कॉफी इतकी गरम असते हे ती विसरूनच गेली होती. दुसरा कप ओतावा की काय असा विचार करता करता तिने डोकं क्षणभर हातावर टेकवलं, आणि नंतर तिला काहीच आठवत नव्हतं, ओव्हनचं घड्याळ ठणाणा वाजेपर्यंत.

चाळीस मिनिटं! ती दचकून उठली. घर शांत. दारात कुणी नाही. ओव्हनमधून 'पाय' काढायचं भान राहिलं नाही, घड्याळ वाजतच राहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर एकदम ती सगळी अंगणं उभी राहिली, डिट्झ, मार्लिस, पुढची, त्याच्या पुढची... मी झोपले, मी चक्क झोपले... आणि तेवढ्यात पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. उजवा, डावा, पुन्हा उजवा.

ऑरिन आत आला. हातात बॅटरी होती.

"डिट्झच्या खुंटाच्या चार फूट अलीकडे बंद पडलं," तो म्हणाला. "कडेचा एक पट्टा राहिला."

त्याने घड्याळ बंद केलं, ओव्हनमधला 'पाय' बाहेर काढून ठेवला, कारण शनिवारी ते त्याचंच काम असायचं, आणि मग बॅटरी टेबलावर ठेवून तिचं बटण दाबलं. एक ठिपका लुकलुकला आणि गेला.

"तू छोटी आणलीस," तो म्हणाला.

लॉर्नाच्या जिभेवर थापा तयारच असायच्या. दुकानात तेवढीच शिल्लक होती, मोठी उचलायला जड पडते, पुढच्या खेपेला बघू. वर्षभराच्या सरावाने त्या आपोआप रांगेत यायच्या. आज एकही आली नाही.

"हो," ती म्हणाली.

"बरं केलंस." तो खुर्ची ओढून बसला आणि बुटाच्या टोकाला चिकटलेलं गवत बोटाने काढू लागला. "त्या दिवशी मला कडच सापडेना गं. हातातलं सोडून द्यावं हेही सुचेना. वाटत होतं, आता कोणीतरी थांबवेल. पण सगळे नुसते हात हलवत होते."

इतके दिवस तिला वाटत होतं की त्या शनिवारी भ्यायलेली आपण एकटीच, रुबार्ब हातात घेऊन... आणि हा सहा अंगणं ती भीती घेऊन एकटा चालत होता, लोकांच्या हसऱ्या चेहऱ्यांमधून. तिला रडू येईलसं वाटलं, पण आलं ते रडू नव्हतं. छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, इतका लांब की तो कधीपासून आत होता कोण जाणे.

त्याने कॉफी मागितली. तिने ओतली. फळीवर पिठाचा डबा होता, त्याच्याकडे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली — सांगावं का? आज सांगावं? की हेही त्याला ठाऊकच आहे, आणि ते तीन दिवस तो बिघाड शोधत नव्हता, माझ्या सांगण्याची वाट बघत होता... की हे सगळं बोलणंच उद्या सकाळी त्याच्या डोक्यातून पुसलेलं असेल आणि पुढच्या शनिवारी तो विचारेल, मोठी का नाही आणलीस? काहीही होऊ शकत होतं. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे न माहीत असूनही ती निवांत बसून होती.

"चार्जिंगला लावायला हवी," ऑरिन म्हणाला. "एक पट्टा राहिलाय."

चार्जर कपाटात आत, टॉवेलांच्या मागे ठेवायचा, असं तिने दुकानातून येतानाच ठरवलं होतं. तिने तो पिशवीतून काढला आणि टेबलाशेजारच्या विजेच्या प्लगमध्ये खुपसला, त्याचा हात सहज पोचेल असा. बॅटरी त्यानेच त्यात सरकवली. पहिला ठिपका लुकलुकू लागला. कापलेल्या गवताचा वास जाळीतून आत येत होता, आणि लॉर्ना कशाकडेही कान न देता बसली होती.